सातवी घागर

पिंप्राळ्यात प्रेमराज नानांचं घर शोधताना कुणी कधी चुकलेलं ऐकिवात नाही. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आधी तुमच्या हातातली पिशवी बघतो. तिच्यातून जुने कागद डोकावत असले की तो आपणहून सांगतो, "तिसरी गल्ली, निळं गेट. नाना घरीच आहेत, पण चष्मा सापडेपर्यंत बसावं लागेल हां."

नाना धुळ्याच्या एका सरकारी दप्तरात पस्तीस वर्षं कारकून होते. तिथल्याच एका म्हाताऱ्या शिरस्तेदाराच्या मागे लागून त्यांनी मोडी शिकून घेतली. भल्याभल्यांना त्या लिपीकडे बघून मुंग्या चालल्यासारखं वाटतं. नाना ती चहा पिता पिता वाचतात. आणि हल्ली तर मोडी वाचणाऱ्याला काय भाव आलाय म्हणता! ज्याच्या त्याच्या पोराला जातपडताळणीचा कागद लागतो. पणजोबाचं नाव आणि त्याच्यासमोर जात, असा जुना सरकारी कागद आणा, मगच प्रवेश पक्का. पणजोबा बिचारे शाळेचं तोंड न बघता गेलेले. मग लोक येतात नानांकडे, आणि नाना त्यांची वंशावळ काढून देतात.

आलेल्या माणसाला नानांचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "माणूस सरकारला चार ठिकाणी सापडतो. जन्मला तेव्हा, मेला तेव्हा, शाळेत, नाहीतर शेताच्या कागदावर. चारही ठिकाणी नाही सापडला, तर समजायचं आत होता!" समोरचा हसायचा, नानाही मांडीवर थाप मारून हसायचे. आता ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकत नाही.

झालं असं, की यंदा त्यांच्या पुतण्याची मुलगी कामिनी बारावीला बसली. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचंच म्हणून हटून बसलेली. तिचा बाप भूपेंद्र धुळ्याहून आला आणि म्हणाला, "नाना, गावभराचे पणजोबे तुम्ही शोधून दिले. आता आपला शोधा." नाना म्हणाले, "हात्तिच्या, आठ दिवसांचं काम." आठ दिवसांचे तीन महिने झाले. गावचं जन्ममृत्यूचं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं. शाळेत नाव नाही, शेताच्या कागदावर थेट नानांच्या आजोबांचं, नवलचं नाव, पण जातीचा उल्लेख नाही. नवलचा बाप कुठेच नव्हता. घरात त्याची गोष्ट नाही, त्याच्या नावाचा नवस नाही, शिवी नाही. नुसतं 'चिंधा' एवढं नाव आजोबांच्या नावामागे चिकटलेलं. दुसऱ्यांच्या घराण्यात सात पिढ्या चढून जाणाऱ्या या माणसाला आपल्या पणज्याबद्दल काही माहीत नाही, हे सत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं.

पण या घराण्यात एक माणूस असा होता, की ज्याच्याशी रक्ताचं काही नातं नसताना त्याचं नाव दरसाल घेतलं जाई. फैजूबाबा.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाणी देतात. नवी लाल घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुरणपोळीचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचा. घरातली मोठी बाई एकेकाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढते. नानांच्या गावच्या घरी, सोनगीरच्या पलीकडे शिंदखेड्याच्या वाटेवर, मातीच्या घागरींशेजारी एक तांब्याची जुनी घागर असते. ती फैजूबाबाची. गोष्ट अशी सांगत, की मोठ्या दुष्काळात आजोबा तीन वर्षांचे असताना तहानेनं त्यांचा जीव चालला होता. तेव्हा एका वाटसरूनं आपल्या घागरीतलं पाणी त्यांना पाजलं. त्यानं वंश राखला, म्हणून त्याला पाणी. हिंदूच्या घरी मुसलमान पितर कसा, असं गावानं कधी विचारलं नाही. आपल्याकडे असं असतं.

त्या घागरीला एक नियम होता. तिच्यातलं पाणी घरच्या पुरुषानं प्यायचं नाही. नऊ वर्षांचे असताना नाना ते प्याले होते. आखाजीची दुपार, उन्हाचा नुसता फुफाटा, पोरं झोक्यावर खेळून घसा कोरडा पडलेली. तांब्याचं पाणी गार लागतं म्हणून त्यांनी ओंजळ लावली. त्यांच्या आईनं आयुष्यात कधी पोरावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी तिनं फुंकणीनं मारलं, वर घशात बोटं घालून ओकायला लावलं. "थूक! बठ्ठं थूक, एक थेंब नको ठेवू!" म्हणत होती आणि स्वतःच रडत होती. नानांनी ते आईचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं.

मार्चअखेर एका दप्तरखान्यात नानांनी शेवटचं गाठोडं सोडलं. कैद्यांची नोंदवही होती, मोडीत. या धंद्यातल्या माणसाचा डोळा आधी जातीच्या रकान्यावर जातो. तसा गेला. चिंधा वल्द भावडू, म्हणजे भावडूचा मुलगा चिंधा, गाव तेच, मुलगा नवल, आणि पुढे हवी ती जात, ठळक, एक अक्षर न पुसलेली. नाना खुर्चीतून उठलेच. तिथूनच भूपेंद्रला फोन लावला, "सापडला रे! पेढे आण!" तिकडे कामिनी ओरडली, ते फोनमधून ऐकू आलं. फोन ठेवून नाना हसत हसत पुढचा रकाना वाचायला बसले. गुन्हा : खून व लूट. शिक्षा : काळं पाणी. शेरा : परत आला नाही.

जित्याची खोड, कागद अर्धा टाकता येईना. त्याच गाठोड्यात खटल्याची पानं होती. मयत, शेख फैजू, कल्हईवाला, राहणार सोनगीर. गावोगावची भांडी कल्हईला नेत होता. चिंधानं त्याला नाल्यात गाठून दगडानं मारलं. लुटीचा माल, तांब्याच्या घागरी सात. पैकी हस्तगत सहा.

आणि खाली जबानी. आरोपीची बायको, बजाबाई. "दुपारी सदर इसमानं माझ्या पोरास आपल्या घागरीतलं पाणी पाजलं. सांजेस माझा नवरा त्याच्या घागरी घेऊन घरी आला. मी विचारलं, तो कुठे आहे. नवरा बोलला नाही. मी चावडीवर येऊन सांगत आहे." शेवटी अंगठा.

नानांनी ते पान चार वेळा वाचलं. दुष्काळ होता, मान्य. पोटात आग होती, तेही मान्य. पण आपल्या पोराला दुपारी पाणी पाजणाऱ्या माणसाला कुणी सांजेला दगडानं ठेचावं? माणूस आहे का कोण आहे! नानांना त्या पणज्याचा संताप आला, आणि लगेच कळलं, की आपलं नाक, आपले हात कदाचित त्याचेच असतील. सातवी घागर सरकारला सापडली नाही. ती कुठे आहे, हे जगात आपल्या एकट्याला माहीत आहे असं त्यांना वाटलं. घरच्या गोष्टीत खोटं काही नव्हतं. ती फक्त दुपारपर्यंत सांगितली होती. संध्याकाळ कुणी सांगितली नव्हती.

तेव्हापासून नानांच्या मागे तहान लागली. किती प्या, घसा कोरडाच. पिंप्राळ्याच्या घरात सुनेनं हौसेनं तांब्याचं पिंप आणलं होतं, त्याला हात लावायला ते धजेनात. दुपारी डोळा लागला की कुणीतरी भांड्यावर दगड मारल्यासारखा टण्ण आवाज येई आणि ते उठून बसत. सुनेला विचारत, "कोण आलं?" ती म्हणे, "कुणी नाही, नाना." पुन्हा पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटू लागली.

भूपेंद्रला त्यांनी सगळं सांगितलं. तो हिशेबी गडी. म्हणाला, "कागद द्यायचा म्हणजे द्यायचा, पोरीचं वर्ष आहे. पण आईला एक शब्द बोलू नका. अठ्ठावन्न वर्षं ती घागर भरतेय. तिला कळलं तर ती अंथरूण धरेल." आई म्हणजे नानांची थोरली वहिनी, भिकुबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अजून गावी एकटी राहते, अजून स्वतः पाणी भरते. नानांना दोन्हीकडून आग. सांगावं तर म्हातारीच्या जन्माचं पुण्य मातीत. न सांगावं तर तिच्या हातून फैजूबाबाला त्याच्याच लुटलेल्या घागरीतून पाणी, आणि आपण शेजारी उभं राहून हात जोडायचे. कागद भूपेंद्रनं कचेरीत दिला. सांगायचं मात्र नानांच्या गळ्यात राहिलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते बसनं निघाले. दरसाल दोन मातीच्या घागरी नेत, एक वडिलांची, एक थोरल्या भावाची. या खेपेला त्यांनी कुंभारिणीकडून तीन घेतल्या. का, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. आपल्या मनाशी म्हणत होते, काही झालं तरी तो आजोबांचा बाप. सव्वाशे वर्षं पाण्याचा थेंब नाही. आणि त्याच्याच कागदानं पोरगी डॉक्टर होतेय. सोनगीरचा किल्ला खिडकीतून दिसू लागला तशी त्यांनी तिसरी घागर पिशवीत खाली सरकवली.

भूपेंद्र आणि कामिनी आधीच पोचले होते. वहिनी ओट्यावर चिंच लावून तांब्याची घागर घासत बसली होती. नानांनी पिशवी ठेवली. तिनं एक काढली, दुसरी काढली, तिसरीला हात लागला तशी थांबली.

"ही तिसरी कोनी शे, भाऊ?"

भूपेंद्र मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

"चिंध्यानी का?" वहिनीनं विचारलं.

नाना तिथेच पायरीवर बसले. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या तोंडून हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. घागर घासता घासता ती सांगू लागली, जसं काही कालचंच आहे. "माले सासूनी सांगं, सासूले तिनी सासूनी. मी नवरी व्हती, पहिली आखाजी. फैजूबाबाले कोनी मारं ते सांगं. सहा घागरी सरकारनी लई गया. ज्यामा पोऱ्याले पानी पाजं, ती बजामायनी ठेवी लिधी. दरसाल त्याले पानी दे म्हने, आनि मना नवराले थेंब देऊ नको."

"मग आम्हांला कुणी का नाही सांगितलं वहिनी? आम्ही या घरचे मुलगे नव्हतो?" नानांचा आवाज चढला. राग होता, आणि रागाच्या खाली शरम.

"आंडोरले सांगं म्हंजे तो बापले पानी देस," ती म्हणाली. तिसऱ्या घागरीकडे बोट केलं. "देखा. आखीर तुम्ही लई उनात ना घागर!"

वंशावळी काढण्यात आयुष्य घातलेला माणूस. त्याच्या कागदांवर एकाही बाईचं नाव नसे, लागतच नसे. आणि घराचा इतिहास चार पिढ्या चुलीपुढे, सासूकडून सुनेकडे, पाठ होऊन आला होता.

कामिनी हळूच म्हणाली, "पण आजी, त्यांच्यामुळेच माझा कागद निघाला. त्यांना काहीच नाही?"

म्हातारी प्रथमच चिडली. "तुना कागद त्यानी नही दिधा, बजामायनी दिधा. ती चावडीवर गयी नसती, तर त्यानं नाव कोनी लिखं असतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी घागरी भरल्या. निखाऱ्यावर तूप पडलं, धूर झाला. वहिनी उंबऱ्याशी बसली आणि एकेक नाव घेत बोटं ओढू लागली. सासरे, नवरा, नवलबाबा, बजामाय. शेवटचं बोट फैजूबाबाचं. ते ओढताना तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. नानांना वाटलं झालं, पण ती उठेना.

"भाऊ, आते नाव घ्या त्यानं. तुम्ही घ्या. बोट नही, घास नही, पानी नही. बठ्ठा पानी पेतस, तवय उंबराना बाहेर उभा राही ऐकू दे त्याले."

नानांनी आजवर हजारो मेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचली होती. हे वाचायला समोर कागद नव्हता. कामिनीनं त्यांचा हात धरला. मग ते म्हणाले, "चिंधा वल्द भावडू." बाहेर अंगणात उन्हाशिवाय काही नव्हतं, तरी सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं.

तिसरी घागर कोरडीच राहिली. वहिनीनं ती उंबऱ्याबाहेर पालथी घातली. कामिनीनं सगळ्यांना पाणी दिलं, नानांपुढेही पेला धरला. नाना म्हणाले, "राहू दे बेटा." दिवस मावळेपर्यंत ते ओट्यावर त्या घागरीशेजारी बसून होते, आणि त्यांनी पाणी घेतलं नाही.