अकरा नंबरचं गाऱ्हाणं

लवू सावंत म्हणजे काळाचौकीतलं गाऱ्हाण्याचं खातं. चाळीत गणपती बसो, कुणी टॅक्सी घेवो, नाहीतर पोरगी बारावीला बसो, नारळ घेऊन माणसं त्याच्या अकरा नंबरच्या खोलीत हजर. मग लवू मालवणीत देवाला आणि जागेच्या राखणदाराला साकडं घाली, आणि दर वाक्याला जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणत. लांबवायचा इतका, की मागे मोदक गार होत आणि बायका त्याच्या सात पिढ्या काढत.

नऊ वर्षांपूर्वी बिल्डरने चाळ पाडली. तीन वर्षांत नवी खोली देतो म्हणाला. आता तो कुणी म्हणतं दुबईला आहे, कुणी म्हणतं पनवेलला कोंबड्या पाळतो. लवू आणि त्याची बायको शांता शीव कोळीवाड्याच्या संक्रमण शिबिरात गेली. तिथे सहा वर्षं दोघं भांडली कशावरून, तर नव्या खोलीत ओटा कुठल्या भिंतीला घालायचा यावरून. नसलेल्या ओट्याची ती भांडणं अख्ख्या शिबिराने चवीने ऐकली. मग शांता गेली. लवू रडला नाही, म्हणून लोक चार दिवस काहीबाही बोलले. चहात साखर नसली तरी तो तसाच पिऊन कप विसळून ठेवी.

चाळीच्या रिकाम्या जागेत मात्र शेजारच्या चाळीतल्या अपेक्षाने पुढाकार घेतला. पत्रा हटवला, डेब्रिज उपसलं, बॅडमिंटनच्या रेघा आखल्या. पाडलेल्या चाळीतल्या फेलिक्सने जुन्या दारांची बाकडी ठोकली. सकाळी म्हाताऱ्यांचा व्यायाम, संध्याकाळी कॅरम आणि पोरांचा अभ्यास. फक्त सुरुवातीला गाऱ्हाणं हवं. ते लवूशिवाय कोण घालणार?

अपेक्षा शिबिरात बोलवायला आली, तेव्हा लवूने मान हलवली, पण ती होकाराची की मानेच्या दुखण्याची हे तिला कळेना. लवूला मात्र या गाऱ्हाण्याची किंमत पक्की ठाऊक होती. गाऱ्हाण्यात जागेचं नाव घ्यावं लागतं, ती कुणाची आणि कशासाठी तेही सांगावं लागतं. मैदान म्हटलं की खोली संपली. आणि राखणदारापुढे खोटं बोलायचं नसतं.

रविवारी सकाळी तो आला. नारळ हातात घेतला. आवाज तोच, फक्त आत कुणी नसल्यासारखा.

"बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरा हयसर जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"हयसर कोण खेळात, कोण बसात, त्येंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"अकरा नंबरची खोली आता उभी रवाची नाय, ह्या लवू कबूल करता."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. ओघच तसा असतो. अपेक्षा तर मोबाइलवर व्हिडिओ काढता काढता म्हणाली.

नारळ फुटला, टाळ्या झाल्या. फेलिक्स तेवढा जवळ आला. जन्मापासून चाळीत वाढलेला, त्यामुळे मालवणी त्याला चर्चमधल्या कोंकणीपेक्षा बरी कळे.

"मधेच काय बोललास रे ते?"

"होता ता बोललंय."

"आणि हे सगळे हो म्हणाले?"

"सवय असा त्येंका."

"मी हो नाय म्हटलं, लवू."

यावर काहीतरी वाटायला हवं होतं. लवूने जरा वाट पाहिली. काही आलं नाही. फेलिक्सने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला, तो लवूने चावला. खोबरं होतं, इतकंच कळलं.

पहिला खेळ सुरू होत होता. अपेक्षाची भाची ओवी रॅकेट घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, थोडं बाजूला व्हा ना. लाइनीच्या आत आहात."

लवूने वळून खाली पाहिलं. पांढरी रेघ त्याच्या पाठीमागून गेली होती. तो दोन पावलं मागे सरला, आणि ओवीने सर्व्हिस केली.