दहा दिवसांची बिलं आणि एक न केलेली अटक

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र अजून वेगळी उभी आहे, आणि आठवली की माझं डोकं आजही तापतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी वर्ध्यात पोलीस निरीक्षक होतो. बाजारातल्या दुकानांत लाल कापडाच्या वह्या जाऊन हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं होतं. ते सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत, आणि आपल्या दुकानदारांच्या गरजा वेगळ्याच. ती उणीव सिंदी मेघेत राहणाऱ्या एक बाई भरून काढत. पूर्वी त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायच्या. टाइपरायटर बसल्यावर त्या स्वतःच संगणक शिकल्या आणि त्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सोयी बनवू लागल्या. त्यांना त्या ‘जोडण्या’ म्हणत. एक जोडणी मराठीत बिल छापायची, एक मालावर चिकटवायच्या चिठ्ठ्या काढायची. लुनाच्या डिकीत सीड्यांचा डबा ठेवून बाई सतरा दुकानं फिरायच्या. नवरा वारला होता, घर त्या सतरा दुकानांवर चालायचं.

दिवाळीनंतर तीनेक आठवड्यांनी हार्डवेअरचे एक ठोक व्यापारी दोन सोबती घेऊन ठाण्यात आले. टाईप केलेली तक्रार हातातच होती. दहा दिवसांची सगळी बिलं संगणकातून गायब झाली होती, आणि ती बाईंनीच उडवली असं त्यांचं म्हणणं होतं. चार दिवसांपूर्वी शेठजींनी बाईंची जोडणी मेहुण्याच्या दुकानात फुकट टाकायला मागितली होती. बाईंनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर नकार दिला होता.

“तिनं खुन्नस काढली साहेब,” शेठजी म्हणाले. “तिले आत टाका, म्हणजे बाकीच्या दुकानदाराईले बी समजन.”

संगणकाचा कायदा नवा होता. ठाण्यात त्याची एकच प्रत, आणि ती कोणी उघडलेली नव्हती. त्या कायद्याने तपास माझ्या वरच्या हुद्द्याकडे, म्हणून कागदावर वरिष्ठांचं नाव, पायपीट माझी. गुन्हा नोंदवला, पंचांसमोर मशीन जप्त केलं, बटणावर आणि वायरींच्या तोंडावर सह्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन मी दिवसाउजेडी त्यांच्या घरी गेलो. बाईंचा भाऊ दारातच हात जोडून उभा होता. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी चहा विचारला आणि मग सरळ मुद्द्याला हात घातला.

“साहेब, मले ते मशीन दाखवा. पंधरा मिनिटं. माझी जोडणी जुनी फाईल कधीच फेकत नाई, बाजूले ठेवते. काय झालं ते मी तुमच्यासमोर सांगते.”

“ते मशीन आता मुद्देमाल आहे. आरोपीला हात लावू देता येत नाही.”

“हात नका लावू देऊ. दुसऱ्या कोणाले बसवा, मी लांबून सांगते म्हटलं तरी?”

मी नाही म्हणालो. पुरावा पुसायचा डाव असावा असं मला वाटलं. वीस वर्षांच्या नोकरीने माणसाला एवढं शहाणपण येतं, आणि तेवढाच मूर्खपणाही.

तेवढ्यात भाऊ मध्ये पडला. शेठजींचा निरोप आला होता, माफीचे चार शब्द लिहून दिले तर ते तक्रार मिटवून घ्यायला तयार होते. “लिहून दे न बाई,” तो म्हणाला. “काऊन अडून राह्यली?”

“माफी लिहिली म्हणजे मी केलं असं ठरते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “उद्यापासून एकबी दुकान मले मशीनपाशी उभं करणार नाई. अटक झाली तरी तेच होणार. मग खोटं काऊन लिहू? मी एक अक्षर लिहीत नाई.”

परत येताना महिला शिपाई मला म्हणाली, “सर, चोर असं बोलत नाहीत.” मी तिला गप्प बसवलं. ती बरोबर होती.

जबाबासाठी शिपाई रोज बाईंच्या दारी जात होते. दोन दिवसांनी वरिष्ठांचा फोन आला. व्यापारी मंडळी त्यांना भेटून आली होती. “अटक दाखवून टाका, पुढचं पुढे बघू. एक बाई आहे, जामीन होईल.”

आता बाईंवर माझा विश्वास बसला होता म्हणून मी अडलो, असं मुळीच नाही. पुरावा नव्हता म्हणून अडलो. व्यापाऱ्यांच्या समाधानासाठी माणसं आत टाकायला मी वर्दी चढवली नव्हती.

“सर, तुमचा तोंडी आदेश स्टेशन डायरीत वेळेसह नोंदवून घेतो, आणि लगेच अंमलबजावणी करतो,” मी म्हणालो.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शेजारी उभ्या हवालदाराने कपाळाला हात लावला. मी त्याला म्हटलं, “घाबरू नको, बदली माझी होईल, तुझी नाही.”

दुसऱ्याच दिवशी केस उलगडली, आणि त्यात माझी करामत काहीच नाही. नालवाडीचे एक गुरुजी आपली चोरीला गेलेली सायकल सापडली का हे विचारायला आले. त्याच वेळी मुद्देमाल कारकुनाने ते मशीन नागपूरला प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी बाहेर काढलं होतं. मशीनच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वर हळदीचे डाग. गुरुजी वाकून पाहायला लागले.

“ह्याची पूजा तर म्याच केली,” ते म्हणाले. “लई उशिरा केली पण.”

“उशिरा म्हणजे?”

“शेठच्या घरी सुतक होतं न. काका वारले दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी होऊन बारा दिवसांनी बहीची, म्हणजे आता ह्या मशीनचीच, पूजा केली. पण शेठ म्हणे, बही लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावरच उघडली पाहिजे. मंग दुकानातल्या पोरानं मशीनमधी तारीख मांगं घेतली, दिवाळीची, घड्याळ बी मुहूर्ताचं लावलं, आन् शेठनं पह्यली ओळ लिहिली. मी म्हटलं, मुहूर्त असा मांगं नाई येत. पण माझं कोण ऐकते?”

मी गुरुजींना खुर्ची दिली. त्यांची सायकल पुढे सापडली की नाही हे मला आठवत नाही, पण त्या दिवशी त्यांना दोन चहा पाजले.

शेठजींना बोलावलं. आधी त्यांनी इकडचं तिकडचं सांगितलं. मी पंचांगच टेबलावर ठेवलं तेव्हा मान खाली घातली.

“बापजाद्याईपासून आमची बही त्याच मुहूर्तावर उघडते साहेब. एक साल चुकलं तर धंदा बसते.”

“पूजा झाल्यावर तारीख परत नीट केली?”

शेठजींनी पंचांग मिटून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “बिलावर तर बरोबर तारीख येऊन राह्यली होती. ते पोरगं हातानं टाकते.”

पुढचं शोधायला अभियांत्रिकी महाविद्यालयाचे एक प्राध्यापक बोलावले. वरिष्ठांची लेखी परवानगी, डायरीच्या धाकाने का होईना, तासाभरात मिळाली. पंचांसमोर मशीनमधली सगळी माहिती दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतली आणि तिथे प्रयोग केला. बाईंना लांब खुर्ची दिली होती. ती परवानगी मीच दिली, चार दिवस उशिरा.

बाईंची एक जोडणी लोडशेडिंगसाठी होती. वीज गेली की हिशेबाची फाईल बिघडायची, म्हणून रोज तिची एक नक्कल ठेवायची, आणि वीज आल्यावर दोन फायलींपैकी ज्या फाईलची तारीख नंतरची, ती खरी मानायची. पूजेनंतर मशीनची तारीख बारा दिवस मागे होती. त्यामुळे दहा दिवसांचं नवं काम जोडणीला जुनं दिसलं, त्याची रोजची नक्कल तिने घेतलीच नाही, आणि पूजेच्या सकाळची नक्कलच नवी ठरली. दहा दिवस दुकानातल्या इन्व्हर्टरने निभावलं, मग तोही बसला. वीज गेली, आली, आणि जोडणीने प्रामाणिकपणे नवं काम बाजूला सारून जुनं पुढे आणलं. प्राध्यापकांनी तारीख फिरवली, दोन नवी बिलं टाकली, वायर ओढली, पुन्हा लावली. पंचांच्या डोळ्यांदेखत ती बिलं नाहीशी झाली.

“आता बाजूची फाईल उघडा,” बाई खुर्चीवरूनच म्हणाल्या.

दहा दिवसांची सगळी बिलं तिथे होती. एकही गेलेलं नव्हतं.

शेठजी हसायला लागले. “चला, मिटलं. गैरसमज झाला असं लिहू दोघंबी.”

“दोघं नाई,” बाई म्हणाल्या. “माझी चूक ते मी सांगते. मी मशीनच्या घड्याळावर इसवास ठेवला, तसा ठेवाचा नव्हता. सतरा दुकानांत जाऊन ते दुरुस्त करीन, पैसे घेणार नाई. पण बिलं मी उडवली नाई हे तुम्ही लिहा. सही, शिक्का. सतरा कॉप्या काढा, एक तुमच्या दुकानात लावा, बाकी सोळा दुकानांत तुम्हीच द्या.”

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डायरीत डोकं खुपसलं. शेवटी त्यांनी लिहिलं. सोळाही दुकानांत ते स्वतः गेले, हे मी खात्री करून घेतलं.

बदली झालीच. चार महिन्यांत मला नियंत्रण कक्षात बसवलं. मला त्याचं दुःख नव्हतं आणि आजही नाही. तोच फोन आज आला तरी मी डायरीच उघडेन.

या केसने मला एक गोष्ट शिकवली, आणि पुढे हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी ती ऐकवली. चौकशीत माणूस पहिल्यांदा काय मागतो ते लिहून ठेवा. मला सोडा म्हणतो, की मला पुरावा दाखवा म्हणतो. बाईंनी पहिल्याच भेटीत पुरावा मागितला होता.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो. आठवणी लिहायला घेतल्या आहेत, असं सांगितलं आणि तुमची केस लिहू का विचारलं. अटक न केल्याबद्दल त्या आभार मानतील, असं मनात कुठेतरी होतं.

“लिहा न,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मले अटक नाई केली, ते लिहा. पण चार दिवस माझ्या दारात पोलीस येत होते आन् सारी गल्ली पाहत होती, आन् मी पंधरा मिनिटंच मागितली होती. तुम्ही नाई म्हटलं. ते बी लिहून ठेवजा.”

मी नाही म्हटलं होतं.