प्रधानसाहेबांच्या सत्काराला जनरेटर नको

साहेबांचा पंचाहत्तरीचा सत्कार वाघोबाच्या ठाण्यात, तोही जनरेटर लावून, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी रोज जेवायला वाढते. माझा थोरला, सुनील, सत्कार समितीचा अध्यक्ष आहे. टेम्पोतून जनरेटर, भोंगे नि खुर्च्या राखीव जंगलात न्यायची परवानगी मागताना त्याने कारण दिलं, वयस्कर मंडळींचे गुडघे. गुडघे माझे. मला कोणी विचारलं नाही. आता सगळ्यांना नमस्कार.

विनायकराव प्रधानसाहेबांची नि माझी पहिली ओळख भांडणाची. ते आमच्या डोंगरावर रेंजर म्हणून नवीन आले होते. माजिवड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि वर जंगलात आमच्या वाघोबाचं ठाणं, शेंदूर लावलेला दगड. वाघबारशीला आम्ही तिथे नारळ फोडतो, भात शिजवतो आणि वाघाला सांगतो, आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नको. त्या वर्षी पोरांनी टेम्पोत भोंगे भरले. साहेबांनी चौकीवरच टेम्पो अडवला.

मी म्हटलं, "देवाचं काम आहे साहेब."

"देव कोण तुमचा?"

"वाघ."

"मग त्याला बोलावताय की हाकलताय, काकी?"

मला जास्तच राग आला. पण भाताच्या टोपाचा एक कान साहेबांनी स्वतः धरला आणि ठाण्यापर्यंत आणला. वाटेत धापा टाकत विचारतात, "तांदूळ घातलेत की दगड?" त्या दिवसापासून माझा राग थोडा कमी झाला. सगळा नाही.

साहेबांचं काम कसं, ते सांगते. एका पावसाळ्यात ठाण्याच्या वाटेवर जुनं झाड आडवं झालं. सुनील मोटरची करवत घेऊन आला, म्हणाला, अर्ध्या तासात वाट मोकळी करतो. साहेबांनी ती चौकीवर ठेवून घेतली आणि दोघांनी ओढायची जुनी करवत काढली. एका टोकाला स्वतः बसले. दुसऱ्या टोकाला कोण? साहेबांचे शिपाई पाठ धरून उभे, म्हणून मीच बसले. शेतकऱ्याच्या घरची बाई आहे, करवत मला नवीन नाही. साहेबांना होती. चार ओढींनंतर थांबायचे.

असंच थांबलो असताना खोडातून चिरचिर ऐकू आली. पोकळीत पिंगळ्याची पिल्लं होती, आमच्या करवतीपासून वीतभर लांब. साहेब म्हणाले, "मोटर असती तर आपल्याला हे ऐकूच आलं नसतं." आम्ही खोड तसंच सोडलं आणि वाट बाजूने वळवली. पिल्लं उडाली, खोडही कुजून गेलं. वाट अजून तिथे वळते. नवीन माणूस विचारतो, इथे काही नाही, मग वळायचं कशाला? त्याला मी सांगते, गप वळ.

कोणी म्हणेल, साहेब हट्टी. हट्टी आहेतच. पण माझी सून ठाण्याची जागा झाडायला गेली आणि तिला घोणस चावली, तेव्हा याच साहेबांनी जीप थेट आत घातली आणि स्वतः चालवत तिला दवाखान्यात नेलं. आज ती माझ्याशी भांडायला ठणठणीत आहे. आठ दिवसांनी सुनील त्यांना म्हणतो, "साहेब, जीप गेलीच आहे, तर जत्रेचा टेम्पोही जाऊ दे ना."

साहेबांनी काळजीने विचारलं, "का रे? बायको परत आजारी आहे?"

 दुसऱ्या दिवशी साहेब माणसं घेऊन आले. ओल्या मातीत जीपच्या चाकांचे चर उठले होते, ते फावड्याने बुजवले, वर पाचोळा पसरला. मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणाले, "एका चाकाची खूण दिसली की दुसरं चाक येतं, काकी. चाकामागून रस्ता, रस्त्यामागून वडापावची गाडी. मग वाघोबा शेंदराचाच उरेल."

निवृत्तीनंतर साहेब डोंबिवलीत राहतात. हॉर्न ऐकून कान किटले की आमच्याकडे येतात, चौकीपासून चालत ठाण्याला जातात आणि काही न बोलता बसतात. परतताना माझ्या हातचा कोरा चहा पितात आणि साखर कमी म्हणून नावं ठेवतात. या पंचाहत्तरीत त्यांना दुसरी कसली हौस मी पाहिली नाही. आणि तिथेच आपण भोंगा लावून त्यांना मोठं म्हणणार?

साहेबांनी शंभरी गाठावी, तीही पायी. त्यांचे कान शाबूत राहोत आणि चार ओढींनंतर थांबायची खोडही न जावो. सत्काराला मी काठी घेऊन चालत येईन. वळणावर दमले तर तिथेच बसेन, तुम्ही पुढे व्हा.

सत्काराच्या दिवशी, वाघबारशीला, सकाळपासून मी चौकीवर असेन. टेम्पो आलाच, तर साहेबांना मध्ये घ्यायचं नाही. तो कशाला आला याचं उत्तर सुनील, तू द्यायचं. आणि मला नाही, तुझ्या बायकोला द्यायचं. तिला मी शेजारीच उभी करणार आहे.