डोणीतलं पाखरू

गेल्या पावसाळ्यात वादळी वारं सुटलं होतं, तेव्हा पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत एक पाखरू येऊन पडलं. सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणापलीकडचा गोठा दिसत नव्हता. त्या धुक्यातून आई त्याला पदरात घेऊन आली. पाठ काळपट, पोट पांढरंशुभ्र, पायाच्या बोटांना पडदे. अंगाला खारा वास. आमच्या डोंगरात समुद्र कधी येत नाही. त्या दिवशी तो थोडासा आला होता.

आईने पाखरू गोठ्यात ठेवलं, याचंच मला नवल वाटलं. उन्हाळ्यात आमची म्हैस गोचीडतापाने गेली, तेव्हापासून आईने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. म्हशीला पाणी पाजायची दगडी डोणी कोरडी पडली होती. घरात म्हशीचा विषयही काढायची सोय नव्हती.

पाखराच्या डोळ्यांभोवती टपोऱ्या गोचड्या दिसल्या आणि आई पेटून उठली. "ह्याला पन त्याच मेल्या लागल्यात गो. ह्याला नाय नेऊ द्यायची."

एकेक उपटून तिने निखाऱ्यावर टाकली. मग गुरांना लावतात तसं करंजेल त्याच्या पिसापिसांत चोळलं. आमच्याकडे गोचडीला हाच उतारा. संध्याकाळपर्यंत पाखरू तेलकट वातीसारखं होऊन थरथरत होतं.

वनखात्याला फोन केला. खाडीकडचा रस्ता पुराने बंद होता. तो उघडेपर्यंत सांभाळा, म्हणाले. महाडच्या गुरांच्या डॉक्टरांना मी फोटो दाखवला. गोचडीतून समुद्री पाखरांच्याही रक्तात रोगजंतू जातात, असं त्यांनी सांगितलं. इथे तपासायची सोय नव्हती, तरी अंदाजाने औषध दिलं. पण मोठा घोळ तेलाने केला होता. तेलकट पिसांत पाणी शिरतं, आणि असं पाखरू समुद्रावर बसलं की बुडतं.

हे मी आईला जपून सांगितलं. ती चुलीपुढे जाऊन बसली.

"म्हशीच्या टायमाला पन माझंच काय चुकलं आसंल," ती म्हणाली.

इतके महिने ती हे एकटीच गिळत होती. तुझं काही चुकलं नव्हतं, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं, पण तिचं लक्ष कुठे होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने साबणाच्या कोमट पाण्याने पाखराला धुवायला घेतलं. ते मनगटाला कडकडून चावायचं, ही लाडाने शिव्या द्यायची आणि मांदेलीचे तुकडे भरवायची. माझ्या वाट्याला नुसत्या शिव्या. मी उंबऱ्यावर बसून पागोळ्या ऐकत पेंगायची, आणि अर्धवट झोपेत गोठ्यात लाटा आल्यासारख्या वाटायच्या.

आईने डोणी घासून भरली. पहिल्यांदा सोडलं तेव्हा पाखरू छातीपर्यंत खाली गेलं. तिने झटकन उचलून पदरात गुंडाळलं. पुन्हा धुणं, पुन्हा औषध. मग एका धुकट दुपारी ते पाण्यावर हलकं बसून राहिलं. छपरातून गळणारे पावसाचे थेंब पाठीवरून घरंगळत होते.

"तरंगलं," आई हळूच म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली.

रस्ता उघडल्यावर वनखात्याच्या माणसाबरोबर आम्ही खाडीच्या मुखाशी गेलो. पाखरू पाण्यावर थोडं डोललं, उडालं, आणि पाणी नि आभाळ एकाच राखाडी रंगाचं झालं होतं तिथे दिसेनासं झालं.

घरी येऊन मी डोणी उपसायला घेतली. आईने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गो भरलेली. उद्या म्हस बघायला जायचं हाय."