सहलीची गाडी आधी लेण्याद्रीला

विज्ञान पाहायला निघालेल्या गाडीतून एका मुलीला पाळी आली म्हणून उतरवतात, हे तुम्हाला पटतं का?

काल आमच्या गावी, महाळुंगे पडवळला, शाळेच्या सहलीच्या गाडीपुढे नारळ फुटला. ओलं खोबरं आणि डिझेल यांचा एकत्र वास आला आणि मी पुन्हा नववीतली झाले.

तेव्हा आम्ही पुण्याचं विज्ञान संग्रहालय पाहायला निघालो होतो. त्यासाठी घरोघरी जाऊन सगळ्यांच्या आयांना माझ्या वर्गातल्या सुनंदानंच राजी केलं होतं. पण आमच्याकडे गणपतीच्या दर्शनाशिवाय सहल हलत नाही, म्हणून गाडी आधी उलट्या दिशेला, लेण्याद्रीला जाणार होती. सगळ्या गाडीत बसल्यावर कुणीतरी विज्ञानाच्या बाईंच्या कानाला लागलं.

"सुनंदे, खाली उतर बाळा. तुझी अडचण आहे ना?"

"बाई, मी डोंगर नाय चढत. गाडीतच बसते की!"

"गाडीत प्रसादाचा नारळ आहे. पुढच्या वर्षी जा हं."

"तुमीच शिकवलं ना, पाळीत इटाळ नसतो म्हणून?" मी ओरडले.

"ए वकिलीणबाई, खाली बस, उशीर व्हतोय," मागून कुणीतरी हसलं.

सुनंदा डबा छातीशी धरून उतरली. पुढच्या वर्षी सहल निघालीच नाही.

तेव्हा मला बाईंचा राग आला होता. आज त्यांच्या त्या मायेच्या आवाजाचा जास्त येतो. इतक्या गोड बोलण्यात झालेला अन्याय गाडीत कुणाला अन्याय वाटलाच नाही.

तुमच्या गावची सहल निघेल तेव्हा दाराशी जाऊन उभे राहा. एखादी मुलगी उतरताना दिसली, तर तिचा हात धरून तिला परत चढवा आणि ती बसल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.