अकरा विटांचा तक्ता

"बाई, तो तक्ता आधी भिंतीवरून उतरवा," मी म्हणालो. गटशिक्षणाधिकाऱ्यांची जीप ओढ्यापर्यंत आली होती. तिथून शाळा पायी वीस मिनिटं.

"का उतरवू, सर? चूक आहे का त्यात?"

चूक नव्हती. बाईंखालोखाल हे मलाच पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा मुरबाड तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. म्हणजे दहा-बारा प्राथमिक शाळांवर लक्ष ठेवणारा माणूस. वरचे आदेश खाली सांगायचे, खालचे कागद वर पोचवायचे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. वरून आदेश आला होता की मुलांकडून नुसतं पाठ करून घेऊ नका, प्रकल्प द्या. मुलांनी स्वतः बघावं, विचारावं, नोंदवावं, पडताळावं. आदेश चांगला होता. आमच्या बहुतेक शाळांनी वहीत पिंपळाची पानं चिकटवून तो पाळला. काहींनी बाजारातून छापील तक्ता आणला.

सिद्धगडाच्या बाजूला एका वाडीवरच्या शाळेत सुमनबाई होत्या. त्यांनी आदेश खरा मानला. त्यांच्या चौथीच्या मुलांनी स्वतःच प्रश्न निवडला: आपल्या वाडीतली जी मुलं शाळेत येत नाहीत, ती कुठं आहेत? दोघादोघांच्या जोड्या घरोघर गेल्या. प्रत्येक घरी दोन वेगळ्या जोड्यांनी जायचं. उत्तरं जुळली नाहीत तर पुन्हा जायचं, हा बाईंचा नियम. मग जुनी कॅलेंडरं जोडून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी सगळी वाडी काढली. शाळेत येणाऱ्या मुलासाठी हिरवं पान. आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेल्या मुलासाठी गेरूची लाल वीट. विटा अकरा होत्या.

आणि त्याच वाडीच्या कागदावर माझी सही होती: 'शाळाबाह्य मुले – निरंक.' निरंक म्हणजे एकही नाही. आमची मोजणी दिवाळीआधी व्हायची, शाळेत बसून. भट्टीवर जाणारी घरं दिवाळीनंतर उठतात. ज्यांनी मोजणीची वेळ ठरवली त्यांना हे ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही. मला तर ठाऊक होतंच.

आठ दिवस आधी मी मुलांबरोबर सगळी वाडी फिरलो होतो. एखादी चूक सापडेल, ही आशा. गेलेल्या घरांच्या दाराला आडवी काठी लावलेली. एक मुलगी मामाकडे राहून तिकडच्या शाळेत जाते, असं एका म्हातारीनं सांगितलं. मी खूश झालो. बघतो तर पोरांनी तिची वीट आधीच खोडली होती.

साहेब आले. तक्ता भिंतीवरच होता.

"हे काय?"

"आमचा परकल्प," चौथीतली चांगुणा पुढं झाली.

"पण कागदावर तर इथलं एकही मूल शाळेबाहेर नाही."

"मंग तो कागद कोनी केला? घरं फिरला का तो?"

दारात बसलेला एक म्हातारा खोकल्यासारखा हसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "केंद्रप्रमुख, तुम्ही पडताळलंत हे?"

"नाही, साहेब."

"खोटं!" चांगुणा ओरडली. "आमच्यासंगं फिरलं ना सर! आमच्या घरी चाय पन पिलं!"

साहेब शांतपणे म्हणाले, "शेरा लिहा."

शाळेत एक शेरेबुक असतं. तपासणीला आलेला अधिकारी त्यात आपलं मत लिहितो आणि ते शिक्षकाला चिकटतं. मी लिहिलं: 'मुलांचा अभ्यासाचा वेळ बाहेर फिरण्यात वाया घालवला. आकडे शिक्षिकेने पढवलेले.'

बाईंनी वाचलं. "सर, हवं तर बदली करा. पण 'पढवलेले' हा शब्द काढा. पोरं तीन आठवडे उन्हात फिरलीत. तो शब्द त्यांच्यावर आहे, माझ्यावर नाही."

"वाद वाढवू नका, बाई."

मी शब्द काढला नाही. तक्ता गुंडाळून जीपमधून तालुक्याला गेला, तो पुन्हा कुणी पाहिला नाही. जूनमध्ये माझ्याच शेऱ्याच्या आधारावर बाईंची बदली झाली. शहापूर तालुक्यात, खर्डीला उतरून तासभर चढ चढायचा अशा शाळेवर.

निवृत्तीनंतर बऱ्याच उशिरानं मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात अर्ज केला की तो शेरा खोटा आहे, दुरुस्त करा.

"सर, कशाला उकरता?" तिथला क्लार्क म्हणाला. "आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

"निवृत्त माणसाला शेरा बदलता येत नाही."

बाईंकडे गेलो. त्यांनी आत बोलावलं, पण माफी मागू दिली नाही. "मी खोटी नव्हते हे मला माहीत होतं. पोरांना जाऊन सांगा."

वाडीवर गेलो. चांगुणा आता अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी मोजलं होतं, सर. आमाला काय सांगायचं? ज्यांना तुमी खोटं सांगितलं, त्यांना सांगा."

म्हणून हे छापायला दिलं. जुने सहकारी म्हणतील, म्हाताऱ्यानं खात्याची बदनामी केली. म्हणू देत. मुलांना पडताळायला शिकवा असा आदेश काढणाऱ्यांनी आपलं काम पडताळलं जाईल, हेही धरून चालावं. ती तयारी नसेल तर पिंपळाची पानं बरी.

शेरेबुकात जागा मिळाली नाही, तेव्हा माझा दुरुस्त शेरा इथं लिहितो. आकडे कोणी पढवलेले नाहीत. चौथीच्या मुलांनी काढले आहेत. मी स्वतः घरोघर फिरून पडताळले. अकरा. बरोबर.