मोरपंखीचं पान

काल लेकीच्या पुस्तकातून मोरपंखीचं पान पडलं आणि तो उग्र वास आला. लातूरला फार्मसी शिकताना याच पानांचा अर्क सूज उतरवतो का, ते आम्ही उंदरांना पाजून बघत होतो. त्यातला एक पांढरा उंदीर सकाळपासून मागचा पाय उचलून कोपऱ्यात बसला होता. त्या पायाची सूज मीच औषधाची सुई टोचून आणलेली. दुपारी त्यानं तो पाय हळूच टेकवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला. शेजारी उभी असलेली किनवटची मैत्रीण कुजबुजली, "बघून राहिलीस ना गं? उतरलं की दुखणं त्याचं!" सूज मोजायची वेळ झाली होती, पण आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत राहिलो. विद्या येते म्हणून शाळेत आम्ही पुस्तकात ठेवायचो, तेच हे पान, असं मी लेकीला सांगितलं. "मम्मी, खरंच येते का गं विद्या?" लेकीनं विचारलं. "हाव," म्हणत मी पान परत तिच्या पुस्तकात ठेवलं.